मागून आलेलं वाक्य

दादा "सन्मानाने" म्हणाला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

सकाळची वेळ होती. मी त्याला पाठीशी उशा लावून बसवलं होतं, हातात सूपचा वाडगा दिला होता, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत वकीलबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघून दादा म्हणाला, "मला सन्मानाने जायचंय." मी नॅपकिनची घडी घालत होते ती तशीच राहिली. सन्मान हा शब्द या माणसाने सत्तर वर्षांत आपणहून कधी उच्चारला नव्हता. कुणी सत्काराला बोलावलं तर तो "हारतुऱ्यांना जाऊन येतो" म्हणायचा. म्हणजे हे वाक्य त्याचं नव्हतं. कुणीतरी ते त्याला दिलं होतं, आणि देणारं माणूस बहुधा खिडकीशी बसून चहा फुंकत होतं.

मला हे कळतं, कारण माझा धंदाच तो. दादा नट, आणि मी त्याच्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. नट रंगमंचावर अडला की विंगेतून, म्हणजे बाजूच्या पडद्याआडून, त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. नटाला ऐकू गेलं पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला जाता कामा नये. कंपनीत मला सगळे कुजबूज म्हणत. नाव दादानेच ठेवलेलं. सख्ख्या बहिणीला दुसरं कोण असं नाव ठेवणार. आयुष्यभर मी त्याचं तोंड बघत अंधारात बसले, त्यामुळे त्याच्या तोंडातला शब्द त्याचा कुठला आणि दुसऱ्याचा कुठला हे मला कुणी सांगावं लागत नाही.

दादाला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की आता उपचार नाहीत, फक्त दुखणं कमी करायचं, आणि पुढचा वाढदिवस धरून चालू नका. त्या दिवशी मी बॅग भरली, माझ्या घराला कुलूप लावलं आणि इथे येऊन राहिले. घरात दादा, वहिनी आणि मी. त्यांना मूलबाळ नाही, मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. आम्ही नणंद-भावजय एका स्वयंपाकघरात राहत होतो आणि अजून रक्त सांडलं नव्हतं.

वकीलबाई घरात आल्या त्या वहिनीच्या ओळखीने. त्या एका संस्थेचं काम करतात. त्या संस्थेला राज्यात एक कायदा हवा आहे. ज्याचं दुखणं बरं होणार नाही, ज्याच्यापाशी थोडेच महिने उरलेत, अशा शुद्धीतल्या माणसाने स्वतः मागितलं तर डॉक्टरने त्याला मरणाचं औषध लिहून द्यावं, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने घ्यावं किंवा न घ्यावं. दोन डॉक्टरांनी तपासायचं, माणसाने दोनदा मागायचं, मध्ये दिवस जाऊ द्यायचे, आणि कुणाचा दबाव नाही हे परक्या साक्षीदारांनी सांगायचं. विधेयक विधिमंडळाच्या समितीपुढे होतं. समिती लोकांच्या साक्षी ऐकणार होती, आणि वकीलबाईंना त्यासाठी दादा हवा होता. लोक त्याला ओळखतात, त्याचा आवाज ओळखतात. मरणाऱ्या माणसाचा आवाज ओळखीचा असला की जास्त टोचतो, एवढं मलाही समजत होतं.

मी एकदा बाईंना जिन्यात गाठलं.

"तुमचं कोण गेलं असं?" मी विचारलं.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "माझे आईवडील ठणठणीत आहेत. वडील रोज पोहायला जातात."

"मग या फंदात कशा पडलात?"

"घर जळाल्यावरच बंब मागायचा का, ताई?"

उत्तर चटकन आलं. फार चटकन आलं. जिला स्वतःला काही दुखलेलं नाही ती बाई माझ्या भावाच्या मरणात एवढा रस घेते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या चहात साखर घालणं बंद केलं. त्यांनी तक्रार केली नाही, त्याचाही मला संशय आला.

आणि वहिनी. दादाचं दुखणं निघाल्यावर तिने केस कापून घेतले होते, मानेपर्यंत. मी काही बोलले नाही, पण बघितलं. मी खोलीत गेले की ती बोलायची थांबायची. दोघं हळू आवाजात बोलत असायची, आणि हळू आवाजातलं मला कुणी शिकवू नये. दमून हळू बोललेलं वेगळं आणि लपवायला हळू बोललेलं वेगळं. दुखण्यावरच्या थेंबांची बाटली आधी दादाच्या उशाशी असायची. ती एके दिवशी वहिनीच्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "असू दे, ताई." एकदा दवाखान्याच्या व्हरांड्यात ती डॉक्टरीणबाईंना विचारताना मी ऐकलं, "अजून किती दिवस असं चालेल?" प्रश्न साधा होता. पण तिच्या जागी मी असते तर माझा आवाज इतका सपाट निघाला नसता.

म्हणून मी पहारा ठेवला. दोघं एकटी राहिली की मी पाणी घेऊन जायचे, चादर बदलायचे, औषधाची वेळ झाली सांगायचे. काहीच निमित्त नसलं तर दाराबाहेर उभी राहायचे. याला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पण आपलं माणूस दुसऱ्याच्या सोयीसाठी मरायला तयार होत असेल, तर बहिणीने काय दारावर टकटक करून विचारावं?

शेवटी एका दुपारी वहिनी भाजी आणायला गेली तेव्हा मी दादालाच धरलं.

"हे 'सन्मानाने' कुणाचं?"

दादा हसला. हसताना त्याच्या पोटात कळ येते, म्हणून तो आता अर्धाच हसतो. "वकीलबाईंचं. माझं वाक्य त्यांना समितीपुढे चालेना."

"तुझं काय होतं?"

"मला स्वतःच्या घाणीत पडून, ओरडत, तुम्हा दोघींच्या तोंडाकडे बघत मरायचं नाही."

मी खिडकी उघडली आणि पुन्हा लावली. "हेच म्हण," मी म्हटलं. "हे बरं आहे."

"बघ. म्हणजे तुलाही पटतं."

"वाक्य पटलं. बाकीचं नाही. दादा, तुला कुणी भरीला घालतंय का? सरळ सांग. वहिनी?"

"ती?" दादा छताकडे बघत राहिला. "ती तर तोंडच उघडत नाही. विचारलं की म्हणते, तुम्ही ठरवा." मग त्याने मला जवळ बस म्हणून खूण केली. "हे बघ, कुजबूज. कायदा माझ्या हयातीत होणार नाही. ते औषध मला मिळणार नाही, एवढं कळतं मला. पण जन्मभर मी दुसऱ्यांनी लिहिलेलं बोललो. हे एक मला माझं बोलायचंय. तिथे, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून. एवढं झालं की मग काय व्हायचं ते होऊ दे."

हे मात्र त्याचं होतं, शब्दन्‌शब्द त्याचं. माझा दादाबद्दलचा संशय फिटला आणि बाकीच्यांवर आणखी घट्ट बसला. त्याला स्वतःचं बोलायचं असेल तर त्यात कुणी भेसळ करणार नाही, एवढं बघणं माझं काम होतं.

साक्षीची तारीख ठरली तेव्हा वकीलबाईंनी दोन सूचना केल्या आणि दोन्ही मला खटकल्या. एक म्हणजे तालीम करायची नाही. "सरांना जे वाटेल ते तिथल्या तिथे बोलू द्या. समितीत एक सदस्य आहेत, ते प्रत्येकाला विचारतात की तुम्हाला हे कुणी पढवलं. पढवलेलं त्यांना लगेच कळतं." आणि घरच्यांनी दादाच्या जवळ बसायचं नाही. "तुम्ही दोघी मागच्या बाकांवर बसा. आपलं माणूस पाठीशी बसलं की दबाव आहे असं दिसतं."

नटाला बिनतालमीचा पुढे ढकलायचा आणि त्याच्या माणसांना लांब बसवायचं. चांगल्या हेतूने असं कुणी करतं का? माझा हिशेब सरळ होता. बाईंना तो एकटा हवा आहे. तो अडला की त्या पुढे सरसावणार आणि आपलं 'सन्मानाने' घुसडणार. वहिनी लगेच "बरं" म्हणाली. ती इतक्या सहज बरं म्हणाली, तेवढंच मला पुरे झालं.

मग तालीम मी घेतली. वकीलबाईंना न सांगता, वहिनी आंघोळीला गेली की. दादा बोलायचा आणि मी उपरं वाक्य आलं की अडवायचे. हे तुझं नाही. हे नाटकातलं आहे. इथे तू लोकांना रडवायला बघतोयस, काढून टाक. तो चिडायचा, पण गालांवर जरा रंग यायचा. थेंबांमुळे मधेच त्याच्या डोक्यात धुकं जमायचं आणि वाक्य हरवायचं. मग मी ते द्यायचे आणि तो उचलायचा, जसं आम्ही आयुष्यभर केलं तसं. आम्हा दोघांना त्यात इतकं बरं वाटत होतं, की हे कशासाठी चाललंय ते मी विसरूनच जायचे.

एकदा मी त्या संशयी सदस्याचं सोंग घेतलं. घसा खाकरून म्हटलं, "समजा, कायदा उद्या झाला. औषध तुमच्यासमोर ठेवलं. घ्याल?"

"हो," दादा म्हणाला. "माझी तयारी आहे."

मला ते ऐकायचं नव्हतं. पण वाक्य चोख होतं, त्याचं होतं, आणि ते माझ्या डोक्यात छापून बसलं. तालमीत एकदा आलेलं वाक्य मी कधी विसरत नाही. लोक याला हुशारी म्हणायचे.

समितीची खोली वरच्या मजल्यावर होती. सदस्यांचं अर्धगोल टेबल, प्रत्येकापुढे माइक आणि पाण्याची बाटली, मधोमध साक्षीदाराचं छोटं टेबल. एसी इतका लावला होता की मी माझी शाल काढून दादाच्या खांद्यांवर टाकली. वहिनी सांगितल्याप्रमाणे मागच्या बाकावर जाऊन बसली. मी गेले नाही. दादाच्या चाकांच्या खुर्चीमागे एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर ठाण मांडलं.

वकीलबाई वाकून म्हणाल्या, "ताई, प्लीज. मागे चला."

"त्याला उलटी झाली तर भांडं तुम्ही धरणार का?" मी विचारलं.

अध्यक्षांनी लांबून खूण केली, राहू द्या. वकीलबाई बाजूला झाल्या. आपण एक बाजी मारली असं मला त्या वेळी वाटलं, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

दादा बोलला. इतका चांगला तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. "मी रंगमंचावर पुष्कळ वेळा मेलोय," तो म्हणाला. "तलवारीने, विषाने, प्रेमभंगाने. दर वेळी लेखकाने मला शेवटचं वाक्य दिलं आणि दर वेळी मी उठून, तोंड धुऊन घरी गेलो. या खेपेला उठायचं नाहीये. निदान वाक्य तरी माझं असू द्या." टेबलाभोवती हसू पसरलं. मग त्याने घाणीचं वाक्य म्हटलं, जसंच्या तसं, आणि कुणी हसलं नाही. "मला आजच मरायचंय असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "खोलीला दार आहे एवढं कळलं की माणूस खोलीत स्वस्थ बसतो. दार लावून घेतलं की तोच माणूस भिंतीवर डोकं आपटतो." यातलं एकही वाक्य मी दिलं नव्हतं. मी मागे बसून नुसती ओठ हलवत होते.

मग तो संशयी सदस्य बोलू लागला. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, वयाने दादाच्याच आसपास. मला वाटलं होतं माणूस खडूस असेल. तसा तो नव्हता.

"तुमची नाटकं मी पाहिली आहेत," ते म्हणाले. "विचारताना मलाच अवघड वाटतंय. माझ्या आईला शेवटच्या दिवसांत वाटायचं, की ती आम्हाला जड झालीये. आम्ही तसं कधी म्हटलं नाही, तरी तिला वाटायचं. हा कायदा तेव्हा असता तर तिने आमच्यासाठी म्हणून औषध मागितलं असतं. म्हणून विचारतो. कायदा उद्या झाला आणि औषध तुमच्यासमोर ठेवलं, तर तुम्ही घ्याल का?"

दादा गप्प झाला.

आता हे नीट सांगायला हवं. नट गप्प होतो तो दोन कारणांनी. एक तर तो विसरलेला असतो, नाहीतर तो थांबलेला असतो. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. विसरलेल्याला वाक्य दिलं नाही तर नाटक पडतं, आणि थांबलेल्याला दिलं तर त्याच्या हातातून सगळं जातं. फरक डोळ्यांत असतो. विंगेतून मला दादाचे डोळे दिसायचे. इथे मी त्याच्या पाठीमागे बसले होते, हट्टाने बसले होते. मला त्याची मान दिसत होती आणि खांद्यांवर माझी शाल. सकाळी त्याला थेंब जरा जास्तच दिले होते, ते मला आठवत होतं. शांतता लांबली. अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं, धुकं आलं, वाक्य हरवलं.

मी काही ठरवलं नाही. मी पुढे वाकले आणि माझी जीभ हलली.

"हो. माझी तयारी आहे."

"हो," दादा म्हणाला. "माझी तयारी आहे."

विंगेत माइक नसतो. इथे तो दादाच्या तोंडासमोर होता आणि माझं तोंड दादाच्या कानाशी. माझी कुजबूज छतातल्या स्पीकरमधून खोलीभर ऐकू आली, आणि लगेच तेच वाक्य दादाच्या आवाजात. त्याने माझा सूरसुद्धा उचलला होता.

"मागे कोण बोललं?" अध्यक्षांनी विचारलं.

मी उभी राहिले.

"आपण त्यांच्या कोण?"

"बहीण."

"काय करता?"

खोटं सुचलं नाही. "प्रॉम्प्टर होते. नाटकात."

मागच्या बाकांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. चष्मेवाले सदस्य हसले नाहीत. त्यांनी चष्मा गळ्यात सोडला आणि म्हणाले, "आम्हाला नेमकी याचीच भीती आहे. मागून कोण बोलतंय याची." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण तीन महिने मी रोज हेच वाक्य मनात घोळवत होते. अध्यक्षांनी जाहीर केलं की शेवटचं उत्तर साक्षीदाराचं स्वतःचं धरता येणार नाही, आणि पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारायला सांगितलं. दादाने मान वळवून माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण खुर्चीत त्याला तेवढं वळता आलं नाही.

बाहेर पॅसेजमध्ये मी वकीलबाईंच्या आरडाओरड्याची वाट बघत होते. उत्तरं तयार ठेवली होती. त्या ओरडल्या नाहीत.

"सर नाही म्हणाले असते तरी चाललं असतं, ताई," त्या म्हणाल्या. "आणि 'मला माहीत नाही' म्हणाले असते तर त्याहून चांगलं झालं असतं. ज्याला अजून माहीत नाही, त्याला ठरवता यावं म्हणूनच तर हा कायदा मागतोय." मग त्यांनी दादाच्या खांद्यावरून घसरलेली शाल वर केली आणि त्या आत गेल्या, कारण आत त्यांचा पुढचा साक्षीदार बसला होता. बाईंच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. त्यांनी जे सांगितलं होतं तेवढंच त्यांना म्हणायचं होतं. अशी माणसं मला आयुष्यात फार भेटली नाहीत, म्हणून ओळखता आली नाहीत.

घरी आल्यावर आम्ही दादाला झोपवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळायला लागले, विसळलेलीच. वहिनी मागून आली आणि तिने नळ बंद केला.

"ताई, तीन महिने तुम्ही माझ्यावर नजर ठेवून आहात. मला कळत नव्हतं असं समजू नका."

मी हातातलं भांडं फडक्याने पुसायला घेतलं.

"थेंबांची बाटली मी कपाटात का ठेवली, माहितीये? ह्यांनी एकदा विचारलं, ही सगळी एकदम घेतली तर काय होईल गं. मग मी ती आत ठेवली. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही ह्यांच्या उशाशी बसून रडला असतात." तिचा आवाज तसाच सपाट होता. आता मला तो ऐकू आला. ती इतकी दमली होती की आवाजात चढउतार ठेवायला तिच्यात काही उरलंच नव्हतं. "हे मला रोज विचारायचे. तुला काय वाटतं, मी काय करू? नवरा बायकोला विचारणारच ना. आणि मी एकदाही उत्तर दिलं नाही. जाऊ नका म्हणावंसं वाटायचं. कधी वाटायचं, सुटा आता, पुरे. पण काहीही म्हटलं तरी दाराबाहेर तुम्ही उभ्या. उद्या म्हणाल, हिनेच भरीला घातलं. म्हणून मी मूग गिळून बसले. ह्यांना कुणाशी तरी हे बोलायचं होतं, ताई. तुम्ही बोलू दिलं नाहीत, आणि आज ते जे बोलणार होते तेही बोलू दिलं नाहीत."

मला रडू आलं. वहिनीला आलं नाही. तिने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि जागेवर ठेवलं.

संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. समितीने निर्णय पुढच्या अधिवेशनावर ढकलला होता. साक्षी मोकळेपणाने होत नाहीत अशी शंका एका सदस्याने काढली आणि बाकीच्यांनी ती उचलून धरली. नवीन साक्षी पुढच्या अधिवेशनात होतील. वहिनीने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पुढच्या अधिवेशनापर्यंत दादा नसणार, हे आम्हा दोघींपैकी कुणी बोललं नाही.

मी त्याच्या खोलीत गेले. तो जागा होता. दिवा लावला होता आणि त्याचा चेहरा पूर्ण दिसत होता, दोन्ही डोळे दिसत होते. दिवसभर मला त्याच्यासमोर बसायची हिंमत झाली नव्हती. आता बसले.

"दादा, एक विचारते. खरं सांग. तू विसरला होतास की थांबला होतास?"

"थांबलो होतो," दादा म्हणाला.

त्याने ते लागट सुरात म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मग काय म्हणणार होतास?"

"तेच बघायला थांबलो होतो. कुणी मला तो प्रश्न असा खरा खरा विचारला नव्हता. मला वाटलं, थांबू या जरा, बघू या आतून काय येतंय." त्याने कूस बदलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "आणि मग मागून वाक्य आलं. तू दिलंस की मी घेतो. तसा मी वाईट नट नव्हतो, कुजबूज, पण तुझं वाक्य मी कधी टाकलं नाही."

"तालमीत तूच म्हणाला होतास. माझी तयारी आहे म्हणून."

"तालमीत समोर तू होतीस. तुला ऐकवायला म्हटलं होतं."

मी त्याचा हात धरला. माझा संशय आता कुणावर टाकायला जागाच उरली नव्हती. "मग आता सांग," मी म्हटलं. "अजून सांगता येईल. समिती गेली चुलीत. इथे कुणी नाहीये, सांग."

दादा माझ्याकडे बघत राहिला, बराच वेळ. या खेपेला मी तोंड गच्च मिटून बसले.

"तू आहेस ना," तो म्हणाला.

मग त्याने हात सोडवून घेतला, हळूच, आणि वहिनीला आत पाठव म्हणाला. मी तिला बोलावलं. ती आत गेली, मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. मग मी स्वयंपाकघरात गेले, तेही दार लावलं आणि नळ मोठा सोडला.